बांधकामावरच्या इजांची नोंद : लिहिणार कोण, लिहायचं काय, आणि पुढे तिचं करायचं काय?

ओळंबा :
नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनियर, बेळगाव आणि आसपासची खाजगी बांधकामं बघतो. साइटवर सिमेंटच्या गोण्या, सळईचे किलो, वाळूचे ब्रास, सगळ्याचा हिशेब असतो. कोण कुठून पडला, कुणाच्या पायात खिळा घुसला, ग्राइंडरचा तुकडा कुणाच्या डोळ्यात उडाला, याचा हिशेब मात्र कुठेच नाही. कोणी दगावला तर पेपरात चार ओळी येतात. बाकी सगळं हळद लावून आणि टीटीचं इंजेक्शन घेऊन मिटतं.

ओळखीचे काही ठेकेदार आणि आम्ही इंजिनियर मिळून मोबाइलवर भरायचा एक फॉर्म करतोय. तारीख, जागा, कामाचा प्रकार, इजा, कारण, उपचार, बुडालेले दिवस, वय, गाव, अनुभव, हेल्मेट होतं का, पट्टा होता का, असं करत करत तेवीस रकाने झालेत. इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, ठेकेदार तर भरपूर. यातून काही निघेल का? आणि निघालं तर त्याचं करायचं काय? मनात येईल ते लिहा.

कुंदा_खाऊ :
तेवीस रकाने भरून होईपर्यंत माणूस बरा होऊन कामावर येईल की वो.

अनगोळचा_ठेकेदार :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लिहिलं की अडकलं. माझ्या कामावर एक गवंडी परांचीवरून पडला होता. मीच गाडीत घालून नेला, प्लास्टरचे पैसे दिले, पाय भरेपर्यंत घरी धान्य पोचवलं. कुठेही एक अक्षर लिहिलं नाही, आणि आजही तो माझ्याकडेच कामाला आहे. तेच लिहून ठेवलं असतं तर उद्या कुणी तरी तो कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला असता. तुम्ही इंजिनियर लोक पगार घेऊन घरी जाता, नोटीस येते ती आमच्या नावावर.

किल्ला_तलाव :
ठेकेदारसाहेब, धान्य पोचवणारे तुम्ही एक. न पोचवणारे किती, हे कसं कळणार? नोंदच नाही ना. ओळंबा तेच तर म्हणतोय.

फाइल_नंबर :
श्रम खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. कायदाच नाही असं कुणी समजू नये. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्पष्ट होतं : अपघातात मृत्यू झाला, किंवा इजेमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने कळवायचं. पाच किंवा जास्त माणसं दगावली तर महिन्याच्या आत चौकशी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत मिसळला, पण ४८ तासांची रेघ तिथेही आहे.

आता टेबलावरचं सांगतो. मी ज्या टेबलावर बसायचो तिथे येणाऱ्या नोटिसा जवळजवळ सगळ्या मृत्यूच्या. मोडलेल्या हातापायांच्या नोटिसा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. मृत्यू लपवता येत नाही, पोलिसांत यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद होते (महाराष्ट्रात ज्याला अकस्मात मृत्यू म्हणतात तेच). मोडलेला पाय मात्र घरी बसतो आणि कुणाला दिसत नाही.

वरून १० पेक्षा कमी कामगार असतील तर ते काम कायद्याच्या बाहेर. आपल्याकडे घराच्या कामावर असतात किती? एक मेस्त्री, दोन गवंडी, चार बिगारी.

वकीलबाई :
@फाइल_नंबर, थोडी भर. १९९६ च्या कायद्यात 'गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी १० किंवा जास्त' असं होतं. स्लॅबच्या दिवशी घराच्या कामावरही वीस-पंचवीस माणसं असतात. त्या एका दिवसाने काम कायद्याच्या आत येत होतं, हे फार कमी ठेकेदारांना माहीत होतं.

@अनगोळचा_ठेकेदार, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, तुमचा हिशेब उलटा आहे. कागद नसला तर तुम्ही जास्त अडकता. १९२३ च्या भरपाई कायद्यात (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) मृत्यूची भरपाई अशी काढतात : महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. ३० वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८. मजुरी कितीही असली तरी २०२० पासून १५,००० च धरत आले. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५० रुपये. आणि गंमत अशी, की त्या कायद्यात मृत्यूनंतर वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नव्हते, कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करावे लागत. तुम्ही चांगुलपणाने दोन लाख दिलेत तरी कोर्टापुढे त्याचा उपयोग फारसा नाही.

जिवंत माणसाचं म्हणाल तर, अंगठा गेला की अनुसूचीप्रमाणे कमाईची ३० टक्के क्षमता गेली असं धरतात. पण तो अंगठा तुमच्याच साइटवर गेला हे कामगाराने सिद्ध करायचं कशावरून? आणि तुम्ही उपचार केलेत हे तुम्ही सिद्ध करायचं कशावरून? दोघांच्याही हातात कागद नाही. अशी प्रकरणं मी दोन्ही बाजूंनी लढवलीत, त्यात कमाई फक्त वकिलाची होते.

कुंदा_खाऊ :
वकीलबाई खरं बोलल्या, धागा सार्थकी लागला.

अनगोळचा_ठेकेदार :
ते परस्पर दिलेल्या पैशाचं मला माहीत नव्हतं. बघतो. पण भीती तरी कुठे खोटी आहे? नोंद कागदावर उतरली की ती कुणाच्या हातात जाईल, सांगता येतं का?

ओपीडी_दुपारची :
डॉक्टर आहे, सर्जरी बघते. दवाखान्याच्या बाजूने सांगते. जखमी येतो, केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं जातं 'कूली'. आता हा कूली उसाच्या शेतातला, वखारीतला, वीटभट्टीवरचा की तिसऱ्या मजल्याच्या सेंट्रिंगवरचा (स्लॅब ओतण्यासाठी बांधलेल्या तात्पुरत्या आधारावरचा), हे त्या कागदावरून सात जन्मात कळणार नाही. कारणाच्या जागी 'उंचावरून पडला'. कुठल्या उंचीवरून? झाडावरून, जिन्यावरून, की परांचीवरून? सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा मुकादमाचा, तो म्हणतो 'घरात पाय घसरला'. एमएलसी रजिस्टरात (पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) तेच जातं.

म्हणजे आकडे नाहीत असं नाही, रजिस्टरं भरलेली आहेत. त्यातून बांधकामावरची माणसं वेगळी काढता येत नाहीत, एवढंच. पोलिसांकडून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जाणाऱ्या आकड्यांचंही तेच होतं. पडून मेले, विजेच्या धक्क्याने मेले, इमारत कोसळून मेले, असे रकाने आहेत. त्यातले बांधकामाच्या कामावर असताना किती, ते वेगळं निघत नाही. कारखान्यांचे आकडे केंद्राकडे वेगळे गोळा होतात, पण त्यात बांधकाम धरत नाहीत.

ओळंबा, तुमच्या तेवीस रकान्यांतले दोनच मला द्या, मी खूश : काय काम करत होता, आणि किती फुटांवरून पडला.

यॉर्कशायरचा_शहापुरी :
मूळ शहापूरचा, इकडे इंग्लंडात साइटवर सुरक्षेचं काम करतो. इकडे सात दिवसांच्या वर काम बुडालं की सरकारला कळवायचं, असा नियम २०१२ पासून आहे. त्याआधी तीन दिवसांची रेघ होती. ठेकेदार कुरकुर करतात, पण करतात.

डॉक्टरांनी सांगितलं त्यावर अमेरिकेचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथे १९९२ पासून कामावरच्या मृत्यूंची गणती होते. एका खात्याच्या आकड्यावर विसंबत नाहीत. मृत्यूचा दाखला, पोलीस, भरपाईची फाइल, पेपरातली बातमी, सगळं एकमेकांशी ताडून बघतात आणि मग एक मृत्यू एकदाच मोजतात. २०२३ मध्ये ५,२८३ मृत्यू, त्यातले हजारावर बांधकामातले, आणि बांधकामातलं सगळ्यात मोठं कारण पडणं. त्या देशात पडण्याचं प्रमाण एवढं, तर आपल्या बांबूच्या परांचीवर काय असेल, तुम्हीच विचार करा.

पण एक इशारा देतो. इकडे काही कंपन्या 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक लावून बक्षीस देत असत. परिणाम काय? अपघात थांबले नाहीत, सांगणं थांबलं. बक्षीस जाईल म्हणून माणूस लंगडत काम करतो. तसलं काही सुरू करू नका.

चंदगडी :
आमच्या बाजूचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. चंदगड तालुक्यातली पोरं बेळगावात बांधकामाला येतात, एसटीनं नाहीतर मोटरसायकलवरनं. कार्ड काढलेलं महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाचं. पडतात कर्नाटकात. उपचारही बेळगावात, कारण आम्हाला कोल्हापूर लांब. मग तो जखमी कुठल्या जिल्ह्यात धरायचा? महाराष्ट्राचं मंडळ म्हणतंय, काम कुठं केलंस त्याचा दाखला आण. बेळगावचा ठेकेदार म्हणतोय, दाखला देत नाही, माझ्यावर येईल.

निपाणीकर :
आमच्याकडे बरोब्बर उलटं. निपाणीतला जखमी कोल्हापूरला जातो. एमएलसी तिकडे, घटना इकडे. कागद पोलिसांकडून पोलिसांकडे फिरतात, आणि पोचेपर्यंत साइटवरचा ठेकेदारही बदललेला असतो. बेळगाव जिल्ह्याच्या दवाखान्यांवरून आकडे काढलेत तर चंदगडचे जास्तीचे आत येतील आणि निपाणीचे बाहेर जातील.

सीमावासी_१९५६ :
याचं मूळ कारण एकच आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे...
(पुढील मजकूर प्रशासकांनी काढला आहे.)

प्रशासक :
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, त्याची पानं अजून संपलेली नाहीत. इथे विषयावर राहा.

कुंदा_खाऊ :
परांचीवरून पडणारा पडताना राज्य विचारून पडत नाही, एवढं बोलून गप्प बसतो.

सरासरी :
गणिताचा मास्तर आहे. सगळे इजा मोजायच्या म्हणताय, पण भागायचं कशाने? एका साइटवर पाच इजा, दुसरीवर एक. पहिली वाईट का? पहिलीवर दोनशे माणसं असतील आणि दुसरीवर सहा.

भारतीय मानक आयएस ३७८६ मध्ये पद्धत दिलेली आहे. दहा लाख मनुष्यतासांमागे किती इजा, हा वारंवारतेचा दर. आणि बुडालेल्या दिवसांवरून तीव्रतेचा दर, त्यात एक मृत्यू म्हणजे ६,००० दिवस धरतात. आता करून बघा : ४० माणसं, आठवड्याचे सहा दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे आठवड्याला १,९२० तास. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ९६,०००. दहा लाख तास भरायला अशा साइटला दहा वर्षं लागतील. तोवर इमारत पूर्ण होऊन तिला गळतीही लागली असेल.

म्हणून एका साइटचे आकडे घेऊन बढाई मारू नये आणि घाबरूही नये. पन्नास-साठ साइटचं एकत्र केलं तरच काही बोलता येईल. पण मग माणसांचे तास कुठून आणणार? हेच खरं अवघड आहे.

फाइल_नंबर :
@सरासरी, साइट किती हे तरी कळू शकतं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, परवानगीच्या वेळीच. म्हणजे कुठे काय चाललंय याची यादी महापालिकेत आणि नगरपालिकेत असतेच. माणसं किती, ते मात्र त्यात नसतं. मंडळाच्या कार्डांवरून काढायला जाल तर फसाल. वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर कार्ड मिळतं आणि तो दाखला कसा मिळतो, यावर मी निवृत्त असलो तरी बोलणार नाही. बांधकामाला कधी हात न लावलेल्यांची कार्डं निघाली आणि रद्द झाली, ते सगळ्यांनी वाचलंय.

किल्ला_तलाव :
जरा अवांतर. पूर्वी आमच्याकडे चिऱ्याची घरं, वर मंगळुरी कौलं. एक मजला, फार तर माडी. पडलं तरी माणूस वाचायचा. आता खेड्यातही चार मजले. येळ्ळूर रोडला बघा, परवा भाताचं शेत होतं तिथे आज लिफ्टचा खड्डा आहे.

मलप्रभा :
कौलांची आठवण गोड असली तरी खानापूर भागात पावसाआधी कौलं परतताना पडलेली माणसं मी पाहिलीत. आमच्या गल्लीतले एकजण त्यानंतर उभे राहिले नाहीत. ते 'बांधकाम' नव्हतंच, म्हणून कुठेच मोजलं नाही.

यॉर्कशायरचा_शहापुरी :
@मलप्रभा, हे अवांतर नाही. दुरुस्तीची कामं सगळीकडेच मोजणीतून निसटतात. उद्यमबागेत जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत ना? त्यावर पाय दिला की पत्रा फुटून माणूस थेट खाली मशीनवर. वरून तो पत्रा भक्कम दिसतो. पावसाळ्यात गळती काढायला जो चढतो, तो ना कारखान्याचा कामगार, ना बांधकामाचा. फॉर्ममध्ये 'छप्पर दुरुस्ती' हा वेगळा प्रकार हवाच.

फरशीवाला :
मी ग्रॅनाइट आणि टाइल्सचं काम करतो. सगळे पडण्याचंच बोलताय. आमच्या छातीत काय जातं, ते कोण लिहिणार? कटर चालू केला की पाच मिनिटांत खोलीत माणूस दिसत नाही. पाणी मारून कापा म्हणून सगळे सांगतात. पाणी मारलं की राडा होतो, रंगवलेल्या भिंतीवर शिंतोडे जातात, घरमालक खवळतो आणि पैसे कापतो. बाहेर अंगणात कापावं तर प्रत्येक तुकड्याला तीन जिने चढउतार. मास्क म्हणजे कोरोनातलं कापड. माझ्या भावाला दोनदा टीबीची औषधं झाली, दम अजून तसाच आहे.

ओपीडी_दुपारची :
@फरशीवाला, भावाला छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि पहिलं वाक्य हे सांगा की इतकी वर्षं ग्रॅनाइट कापतोय. ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. एक्स-रेवर त्याच्या गाठी वरच्या भागात दिसतात आणि टीबीसारख्याच वाटतात. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतं. व्यवसाय विचारला नाही तर निदान टीबीवरच थांबतं. सिलिकोसिस कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे, नव्या संहितेतही डॉक्टरांनी तो कळवायचा आहे. माझ्या व्यवसायबंधूंपैकी किती जणांनी आजवर एक तरी कळवला असेल, ते विचारू नका.

ओळंबा, हे तुमच्या फॉर्ममध्ये बसणार नाही. अपघाताला तारीख असते. हा आजार दहा-वीस वर्षांनी उगवतो, तोपर्यंत साइट, ठेकेदार, गाव सगळं बदललेलं असतं. त्यासाठी माणसाबरोबर फिरणारा कागद पाहिजे : कोणत्या वर्षी कोणतं काम केलं, आणि अधूनमधून छातीची तपासणी. नव्या संहितेत कामगाराच्या वार्षिक तपासणीची तरतूद आहे, निदान तिचा कागद तरी त्याच्या हातात द्यावा.

यॉर्कशायरचा_शहापुरी :
तसंच सिमेंटने हात फुटणं. ओलं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी, त्यात क्रोमियम असतं, त्याने कातडीला कायमची ॲलर्जी बसते. युरोपात २००५ पासून सिमेंटमधलं ते क्रोमियम दहा लाखांत दोन भागांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. लोकांचे हात फुटतात हे आधी कुणीतरी मोजलं, म्हणून तो नियम झाला.

मलप्रभा :
हात फुटण्यात बायकाच पुढे असणार, कारण घमेलं त्यांच्याच डोक्यावर. बिगारी बायकांचं यात कुठे येतं? मी महिला मंडळातर्फे दोन-तीन साइटवर गेले होते. इजा विचारली की कुणी सांगत नाही. कंबर, मान, अंगावरून जाणं, लघवीची जळजळ, हे बायकांच्या बोलण्यात येतं, पण पुरुष वही घेऊन समोर बसला तर येणार नाही. साइटवर संडास नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. ही इजा धरायची की नाही? आणि लेकरं? वाळूच्या ढिगावर निजवलेलं पोर टाकीत पडलं तर ते कामगार नव्हतं म्हणून मोजायचंच नाही?

सरासरी :
लेकराचा मुद्दा मोलाचा. साइटवर झालेलं सगळं साइटचं, असाच नियम ठेवा.

कुंदा_खाऊ :
रकाने तेविसाचे चाळीस झाले. चालू द्या.

अनगोळचा_ठेकेदार :
यूजीडीच्या, म्हणजे भुयारी गटाराच्या चराचं कुणी काढलं नाही. मी पूर्वी ती कामं केलीत. काळ्या मातीत पावसाळ्यात चर खणला की कडेला आधी बारीक भेग पडते. जुना माणूस ती बघून पोरांना वर घेतो. दीड मीटरच्या खाली गेलं की आधार द्यायचा, हे कागदावर सगळ्यांना माहीत आहे. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन, छातीपर्यंत गाडला गेला तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही. आमच्याकडे एकदा अशी भिंत जेवणाच्या सुट्टीत आली. खाली कुणी नव्हतं. यात इजा कुणालाच नाही. मग तुमच्या फॉर्ममध्ये हे काय म्हणून लिहिणार?

ओळंबा :
@अनगोळचा_ठेकेदार, 'थोडक्यात वाचले' म्हणून. मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची नोंद हीच. शंभर मीटर पुढे तोच चर, तीच माती असते.

यॉर्कशायरचा_शहापुरी :
सहमत. फक्त ते १९३१ चं प्रसिद्ध त्रिकोणाचं गणित (एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे प्रसंग) कुणी तोंडावर मारलं तर फार मनावर घेऊ नका. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका घेतल्यात. खिळे टोचण्याचं प्रमाण कमी केलं म्हणून चर कोसळायचा थांबत नाही. जीव घेणारे प्रकार वेगळे काढून त्यांच्याच 'थोडक्यात वाचले' नोंदी बघा.

मुकादमाची_लेक :
पहिल्यांदाच लिहितेय. आमचे बाबा सेंट्रिंगचे मुकादम, कामं बेळगाव आणि खानापूर भागात. त्यांची हजेरी वही बरीच वर्षं मी लिहिते, म्हणून बोलावंसं वाटलं.

तुम्ही सगळे नवीन फॉर्म, नवीन वही म्हणताय. आमची वही आधीच आहे. शनिवारी पगार असतो, कारण शनिवारीच बाजार. प्रत्येक माणूस समोर येऊन उभा राहतो आणि आम्ही त्याचे खाडे मोजतो. 'मंगळवार-बुधवार का नव्हतास?' हे बाबा विचारतातच, कारण पैसे कापायचे असतात. तो सांगतो, 'पायात खिळा गेलता', 'मेव्हण्याचं लगीन होतं', 'अंग दुखत होतं'. खाडा वहीत येतो, कारण येत नाही. तिथेच एक अक्षर लिहिलं की झालं.

दुसरं म्हणजे उचल. बाबा उचल कशाला दिली ते लिहून ठेवतात, नाहीतर नंतर भांडण होतं. 'दवाखाना ५००', 'एक्स-रे ८००', 'औषध'. हा धागा वाचून काल जुनी वही काढून बसले. स्लॅब ओतून झाल्यावर सेंट्रिंग उतरवतात, त्या आठवड्यांत 'दवाखाना' जास्त वेळा दिसतं. चढवताना नाही, उतरवताना. प्लेटा वरून सोडतात, खालचा माणूस खिळे काढत बसलेला असतो. बाबांना दाखवलं तर म्हणाले, हे मला माहीत आहे. मग म्हटलं, माहीत आहे तर खाली माणूस बसवता कशाला? त्यावर बोलले नाहीत. पण सोमवारच्या कामाला खिळे काढणारा बाजूच्या प्लॉटमध्ये बसवलाय.

आणि @सरासरी सर, माणसांचे तास मागत होता ना? हजेरी म्हणजे तेच. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण, सगळं लिहिलेलं असतं.

सरासरी :
दंडवत. छेद सापडला.

फाइल_नंबर :
एवढी वर्षं आम्ही रजिस्टरं तपासली, त्यातली निम्मी तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली असत. मुकादमाची खरी वही कधी मागितली नाही. मागितली असती तरी दिली नसती म्हणा.

वकीलबाई :
छान आहे, पण सावध. त्या वहीत कुणी किती उचल घेतली तेही आहे, ते बाहेर जाता कामा नये. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर नकोच. बेरजा तेवढ्या बाहेर काढा.

चंदगडी :
आणि माणूस कामाला येताना त्याचं गाव लिवा म्हणजे आमची पोरं आमच्या नावावर धरली जातील. बिहार-ओडिशाची पोरं पण असतात, ती तर जखमी झाली की थेट रेल्वेत. महिनाभर खाडा दिसेल आणि पुढे नावच गायब. तेपण मोजा.

ओपीडी_दुपारची :
@चंदगडी यांचा मुद्दा पहिल्या पानावर लिहून ठेवा. वही फक्त परत आलेल्यांचीच कारणं सांगते. जो परत आलाच नाही त्याला शनिवारी कोण विचारणार? गंभीर इजा झालेले नेमके तेच असतात. दोन शनिवार न आलेल्याला फोन करून विचारायचं, एवढं तरी ठरवा.

ओळंबा :
मोबाइलचा फॉर्म बाजूला ठेवला. आता असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा.

हजेरी वहीत खाड्याच्या चौकोनात एक अक्षर : प म्हणजे पडला, ल म्हणजे काही लागलं किंवा अंगावर पडलं, व म्हणजे वीज, म म्हणजे माती, क म्हणजे कटर किंवा मशीन, आ म्हणजे आजारपण, घ म्हणजे घरचं काम. पडला असेल तर बाजूला फुटांचा आकडा. दोन शनिवार गायब असलेल्याला फोन, आणि लागला नाही तर 'ग'. शेवटच्या पानावर 'थोडक्यात वाचले', तारीख आणि दोन ओळी. बायकांशी बोलायला मलप्रभाताई किंवा त्यांच्या मंडळातलं कुणी महिन्यातून एकदा साइटवर येईल, त्यांची नोंद वेगळी, मुकादमाला न दाखवता. सिलिकोसिसचं यात येत नाही, ते मान्य. फरशीवाल्यांसाठी डॉक्टरांनी सुचवलेलं कामाचं कार्ड वेगळं छापू. महिन्याच्या शेवटी माझ्याकडे फक्त बेरजा यायच्या : एकूण हजेरी, कोणतं अक्षर किती वेळा, कोणत्या कामात.

आणि याचं करायचं काय, तर पुढच्या महिन्याच्या कामाआधी ठेकेदारांच्या बैठकीत एकच प्रकार घ्यायचा. पहिला मुकादमाच्या लेकीचा, सेंट्रिंग उतरवणे.

निपाणीकर :
अक्षरं कन्नडमध्ये पण ठरवा. आमच्याकडचे निम्मे मुकादम कन्नड लिहितात. मी करून देतो.

फरशीवाला :
कार्ड छापाल तेव्हा कळवा. भावाला परवा घेऊन जातोय डॉक्टरांकडे.

अनगोळचा_ठेकेदार :
माझ्या दोन साइट घ्या. अट एकच, साइटचं आणि माणसाचं नाव बैठकीत येता कामा नये.

ओळंबा :
मान्य. पण ४८ तासांच्या वरची इजा किंवा मृत्यू असेल तर तुमची नोटीस तुम्ही वेगळी द्यायची, नावासकट. ती या वहीत दडवायची नाही.

अनगोळचा_ठेकेदार :
ते कळलं वो, वकीलबाईंनी घाम फोडलाय आधीच. नोटिशीचा नमुना कुणाकडे असेल तर टाका.

फाइल_नंबर :
माझ्याकडे जुन्या कायद्याचा आहे. नव्या संहितेप्रमाणे काय बदललंय ते बघून उद्या टाकतो.